सरासरीपेक्षा कमी म्हणजे आजारी? डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे काम

पांडुरंग वासुदेव सुखात्मे वैद्यकीय डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते. तरीही माणसाला किती अन्न पुरते, या आमच्या क्षेत्रातल्या प्रश्नावर त्यांच्याइतका वाद क्वचितच कुणी घातला असेल.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकून ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. परतल्यावर त्यांनी कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पन्नाचे अंदाज बांधण्याचे काम केले. विदर्भातल्या शेतकरी कुटुंबांना पीक कापणी प्रयोग माहीत असतो. पैसेवारी त्यावरूनच निघते. सगळे शेत न मोजता चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले थोडे तुकडे मोजायचे, याला नमुना म्हणतात. लॅबवालाही तुमच्या रक्ताचा नमुनाच घेतो. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न जास्त दिसते. अशी एकाच बाजूला झुकणारी चूक म्हणजे पूर्वग्रह. नमुने वाढवून ती जात नाही, मोजण्याची पद्धतच सुधारावी लागते.

१९५१ ते १९७० ते रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. जगातले दोन तृतीयांश लोक अर्धपोटी आहेत, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. सुखात्म्यांचा आक्षेप साधा होता. सरासरी गरज ही सगळ्यांची गरज नसते. एकाच वयाच्या, सारखेच काम करणाऱ्या निरोगी माणसांतही साधारण निम्म्यांची गरज सरासरीपेक्षा कमी असते. मग सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? माणसामाणसांतला हा फरक, म्हणजे विचलन, हिशेबात धरून त्यांनी १९६१ मध्ये अंदाज मांडला: पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के. निकृष्ट आहार घेणारे मिळवले तर मात्र आकडा निम्म्यापर्यंत जाई.

तुमच्या रिपोर्टवरची नॉर्मल रेंज याच विचाराने ठरते. बहुतेक तपासण्यांत ती निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतल्या पाचांचा आकडा रेंजबाहेर जाणारच. ठळक छापलेला प्रत्येक आकडा रोग नसतो. (तो दाखवायचाच नाही, असा अर्थ कृपया काढू नका.)

निवृत्तीनंतर ते पुण्यात आले आणि अमेरिकेतील शेल्डन मार्गेन यांच्यासह आणखी पुढे गेले. एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि कमी आहाराशी शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, असे त्यांचे म्हणणे. पहिला भाग आम्हाला रोज दिसतो; एकाच बीपी रीडिंगवर सहसा कायमची गोळी सुरू करत नाहीत, ती याचमुळे. दुसरा भाग वादग्रस्त ठरला. आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी विचारले की जुळवून घेताना मुलाची उंची खुंटत असेल, तर ते निरोगी कसे? मुलांच्या बाबतीत मला गोपालन यांची बाजू पटते. बाळ बारीक आहे पण आपल्या रेषेला धरून वाढते आहे, तर घाबरायचे कारण सहसा नसते. वजनाची रेषा सपाट झाली किंवा खाली वळली, तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जा.

सुखात्म्यांना १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९७ मध्ये ते वारले, तेव्हाही हा वाद मिटला नव्हता.