पंडिता रमाबाई व देवाची कृपा

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी वर्षानुवर्षे तीर्थे व व्रते केली. तरी दुष्काळात आईबाप अन्नावाचून मरण पावले. कन्या मोठी विदुषी झाली. १८८३ साली इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, परंतु अंतःकरणास शांति नव्हती. सुमारे आठ वर्षांनी त्यांस उमगले की, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. तारण हे विद्येचे किंवा सत्कर्माचे वेतन नसून पाप्यास फुकट मिळणारे दान आहे.

पुढे लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळ्यास त्या गेल्या असता पहाटे रानात एकांती प्रार्थनेस बसल्या. त्यांच्याजवळच्या पंधरा मुलींनी विश्वास धरिला होता. त्यांच्या पंधरापट आत्मे प्रभूने द्यावे, असे त्यांनी मागितले. मग १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो विधवा व अनाथ मुली आणून बाईंनी त्यांस आश्रय दिला. केडगावचे मुक्तिसदन त्यांचे घर झाले, आणि त्यांतील पुष्कळ जणी प्रभूच्या झाल्या.

त्या उपाशी मुलींनी कोणते पुण्य केले होते? प्रिय बंधुभगिनींनो, देवाची निवड म्हणजे कपाळी लिहिलेले प्रारब्ध नव्हे. आपण शोधण्यापूर्वीच आपणांस शोधणाऱ्या बापाची ती प्रीति आहे. मंडळीच्या वहीत नाव आहे, एवढ्यावर विसंबू नका. रिकाम्या हातांनी त्याजकडे या.