साहेबमामा फत्तेलाल

बेळगावहून कोल्हापूरच्या वाटेने निघाले की निपाणी ओलांडल्यावर कागल लागते. शेख फत्तेलाल यांचा जन्म १८९७ साली या गावी झाला. पुढे सारी चित्रपटसृष्टी त्यांना साहेबमामा म्हणू लागली.

बोलपटात नट ज्या ओसरीवर बसून बोलतो, ती ओसरी कोणी उभारली, हे आपणांपैकी कितीजण विचारतात? ते काम कलादिग्दर्शकाचे. साहेबमामांचे अवघे आयुष्य त्यात वेचले गेले.

त्यांचे गुरू कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. त्या काळी नाटकातल्याप्रमाणे रंगविलेल्या पडद्यांपुढेच पुष्कळसे चित्रण होत असे. रंगभूमीवर ते शोभते. कॅमेऱ्याच्या डोळ्याला मात्र त्यातले खोटेपण लगेच उमगते. म्हणून बाबूरावांनी पडदे दूर सारून भरीव नेपथ्य उभारण्यास आरंभ केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत साहेबमामा ही विद्या शिकले, कॅमेराही चालवू लागले. तेथेच त्यांना विष्णुपंत दामले भेटले. दामले यंत्रात रमणारे, हे रेषेत. दोघांनी मिळून १९२८ साली ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला आणि १ जून १९२९ रोजी शांताराम, धायबर व कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३३ साली ही कंपनी पुण्यास गेली.

लाकडी सांगाडा, त्यावर गोणपाट व प्लॅस्टर, वर रंगाचा हात, एवढ्या सामग्रीतून राजवाडे उभे राहत. चित्र कृष्णधवल, तेव्हा भिंतीचा रंग डोळ्याला कसा दिसतो यापेक्षा फिल्मवर तो किती काळा वा करडा उमटेल, याचाच विचार अधिक. ‘अमृतमंथन’ (१९३४) मधील चंडिकेचे मंदिर पाहावे. तेथील अंधार आणि देवीची ती प्रचंड मूर्ती पाहताच बळी देणाऱ्या धर्मसत्तेची दहशत मनात भरते. राजगुरूला तोंड उघडावेही लागत नाही.

परंतु आमच्या मते त्यांची खरी कसोटी लागली ती ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये. त्याचे दिग्दर्शनही दामले-फत्तेलालांचेच. येथे भव्यता दाखवून भागणार नव्हते. तुकोबांचे दारिद्र्य खरे वाटले नाही, तर शिवरायांनी पाठविलेला नजराणा परत धाडण्यात मोठेपण ते काय उरले? साहेबमामांनी घर उभारले ते जिजाईच्या म्हशीला आणि चुलीला साजेसे. जन्माने मुसलमान असलेल्या या कलावंताने मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे देहू साक्षात् उभे केले आणि वारकऱ्यांनी ते आपले मानले. मुंबईत हा बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हाही याच जोडीचा.

१९४५ साली दामले गेले. १९५३ साली ‘प्रभात’ बंद पडली. साहेबमामांनी १९५५ साली ‘जगद्गुरु शंकराचार्य’ दिग्दर्शित केला. १९६० साली प्रभातनगरीच्या आवारात सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली, ती आजही तेथे आहे. साहेबमामा १९६४ साली निवर्तले. चित्रण संपले की नेपथ्य मोडावयाचे, ही या धंद्याची रीतच. त्यांचे देहू आज केवळ फिल्मच्या पट्टीवर उरले आहे.