मजूरमंत्री बाबासाहेब आणि अडीच वर्षांची सवलत

ठाकुर्ली म्हटलं की आज आपल्याला डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं स्टेशन आठवतं, बस्स. पण एके काळी ठाकुर्ली म्हणजे पॉवर हाऊस! जी.आय.पी. रेल्वेने चोळे गावाजवळ उभारलेलं हे वीजकेंद्र कोळशावर चालायचं. १९२९-३० च्या सुमारास कल्याणहून पुण्याकडे आणि इगतपुरीकडे विजेवर गाड्या धावू लागल्या, त्यामागे या केंद्राची वीज होती. मी याच भागात वाढलो. बॉयलर, भट्ट्या, पाळ्या यांच्या गोष्टी जुन्या माणसांकडून कितीदा तरी ऐकल्या. पण मग त्या काळी देशातल्या भट्ट्यांना लागणारा कोळसा जमिनीच्या पोटातून वर कोण काढायचं? हे शोधता शोधता मी ज्या माणसापाशी येऊन पोचलो ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांना कोण ओळखत नाही? पण जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं, म्हणजेच ते देशाचे मजूरमंत्री होते, हे आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना क्वचितच माहीत असतं. आणि याच काळात कामगारांच्या बाजूने आयुष्यभर लढलेल्या या माणसाला कामगारांच्याच संरक्षणाचा एक नियम शिथिल करावा लागला. त्याची ही हकीकत.

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे जन्म. वडील रामजी लष्करात सुभेदार. मुंबईत परळच्या चाळीत राहून, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक, १९१२ मध्ये बी. ए., मग न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरी. एवढं शिकूनही मुक्काम पुन्हा गिरणगावातच! गिरणी कामगाराचं जिणं त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, शेजारी पाहिलं होतं.

गिरण्यांमध्ये तेव्हा एक अलिखित नियम होता. चांगला पगार मिळणाऱ्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घ्यायचं नाही. का? तर कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपवाल्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद घेतली. संपावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यातही ते आघाडीवर होते. संपाचा हक्क काढून घेणं म्हणजे माणसाला गुलाम करणं, असं त्यांचं रोखठोक म्हणणं होतं.

आणि असा माणूस मजूरमंत्री झाला तो नेमका दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत.

आता खाणीकडे वळू. कोळशाच्या खाणीत जोडपी काम करायची. नवरा कोळसा फोडणार, बायको तो टोपलीत भरून वाहणार. अंधार, धूळ, दरड कोसळण्याची भीती. १९२९ साली सरकारने नियम केले की जमिनीखाली काम करणाऱ्या बायकांची संख्या दरवर्षी कमी करत न्यायची. १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनेही स्त्रियांना भूमिगत कामावर ठेवू नये असा करार केला आणि १९३८ साली भारताने तो मान्य केला. म्हणजे जगापुढे दिलेला शब्दच झाला.

पण युद्धाने सगळं गणित बिघडवलं. लष्करी बांधकामांवर जास्त मजुरी मिळू लागली, तशी खाणीतली माणसं तिकडे निघून गेली. रेल्वे, कारखाने, वीजकेंद्रं... सगळ्यांनाच कोळसा हवा आणि खाणीत काढायला माणूस नाही! ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने आधी मध्य प्रांतात आणि मग बंगाल-बिहारकडे ही बंदी उठवली. खातं बाबासाहेबांचं. विरोधाचा गदारोळ झाला. महिला संघटना संतापल्या, आणि त्यांचा संताप रास्तच होता. इतक्या वर्षांनी मिळालेलं संरक्षण एका हुकमाने गेलं होतं.

फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात बाबासाहेबांनी या निर्णयाची बाजू मांडली. त्यांनी बंदी चुकीची होती असं म्हटलं नाही. हा अपवाद आहे, युद्धकाळापुरता आहे, असं सांगितलं आणि त्यासोबतच्या अटीही सांगितल्या. खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी द्यायची. साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बोगद्यात तिला कामाला लावायचं नाही. समान कामाला समान दाम हे तत्त्व आपल्याकडे उद्योगात प्रथमच येतंय याकडे त्यांनी सभागृहाचं लक्ष वेधलं.

मला यातली समान मजुरीची अट फार महत्त्वाची वाटते. बघा हं, मालकाला स्वस्त मजूर म्हणून बाई हवी असेल तर पुरुषाइतकी मजुरी म्हटल्यावर त्याचा अर्धा उत्साह तिथेच मावळतो. खरी अडचण असेल तोच मागणार. म्हणजे ही अट दयेपोटी नव्हती, ती एक चाळणी होती!

नुसतं दिल्लीत बसून त्यांनी हे केलं नाही. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या खाणीत ते स्वतः खाली उतरले, मजुरांची घरं पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४५ मध्ये खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा झाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

तरीही हिशेब चोख मांडायला हवा. युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपलं आणि बंदी परत यायला फेब्रुवारी १९४६ उजाडलं. म्हणजे सवलत गरजेपेक्षा काही महिने जास्तच टिकली. आणि त्या अडीच वर्षांत खाली राबलेल्या बायकांचं जे झालं ते समान मजुरीने भरून निघालं असं मी म्हणणार नाही. एवढा कामगारांच्या कळवळ्याचा माणूस खुर्चीत असूनही असं होतं, तर इतर वेळी काय होत असेल?

पुढे १९४६ साली त्यांच्याच खात्याने आणलेल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. मग स्वतंत्र भारताचं कायदेमंत्रिपद, राज्यघटना, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबर १९५६ ला महापरिनिर्वाण. हा भाग आपण शाळेत शिकलोच आहोत.

१९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्येही सवलतींची तरतूद होती. बॉयलर हाऊस, इंजिन रूम, तातडीची दुरुस्ती, अखंड चालणारी प्रक्रिया अशा कामांना कामाच्या तासांतून सूट देता येई. बरोबरच आहे, आठ तास झाले म्हणून बॉयलर वाऱ्यावर सोडून घरी जाता येत नाही! पण बहुतेक कामांत त्या सुटीलाही कमाल तासांची मर्यादा होती आणि तिचे नियम पाच वर्षांपेक्षा जास्त चालत नसत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली.

याउलट एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात गुजरात सरकारने त्याच कायद्यातल्या सार्वजनिक आणीबाणीच्या कलमाखाली कारखान्यांना १२ तासांची पाळी चालवायची मुभा दिली आणि जादा तासांचे दुप्पट पैसे देण्याची अटही काढली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला ते रद्द केलं. साथीमुळे आलेली आर्थिक मंदी म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका नव्हे, असं न्यायालयाचं मत पडलं. १९४३ च्या आणि २०२० च्या सवलतीत फरक काय, ते लगेच दिसतं. एकीत मजुरी वाढवून सूट दिली, दुसरीत मजुरी कापून.

आपण मशीन डिझाइन करताना टॉलरन्स देतो. पण किती द्यायचा ते ड्रॉइंगवर लिहितो, नाहीतर तो पार्ट रिजेक्ट होतो. नियमातल्या सवलतीचंही तसंच आहे. उद्या आपल्यातलाच कुणी कारखान्याचा मॅनेजर होईल, कुणी सरकारी खात्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर. सवलतीचा अर्ज टेबलावर येईल तेव्हा चार गोष्टी विचारा. अडचण खरी आहे का? झळ कुणाला बसणार? त्याला बदल्यात काय मिळणार? आणि ही सूट संपणार कोणत्या तारखेला? चौथ्या प्रश्नाचं उत्तर कोरं असेल, तर सही करू नका!