मेरी जेन रॅथबन

मेरी जेन रॅथबन (११ जून १८६० – ४ एप्रिल १९४३) या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ होत्या. खेकडे व त्यांच्याशी संबंधित कवचधारी प्राण्यांच्या वर्गीकरणासाठी त्या प्रसिद्ध आहेत. त्यांनी विद्यमान व जीवाश्मरूप अशा हजाराहून अधिक जाती व उपजातींचे प्रथम वर्णन केले.

सुरुवातीचे जीवन

रॅथबन यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला. त्या वर्षभराच्या असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. शालेय शिक्षणानंतर त्या महाविद्यालयात गेल्या नाहीत. १८८१ साली भाऊ रिचर्ड यांच्यासोबत त्या वुड्स होल येथे गेल्या व तेथे त्यांनी प्रथमच समुद्र पाहिला. सागरी प्राण्यांचे नमुने निवडून लावण्याच्या कामात त्यांनी तेथे विनावेतन मदत केली.

कारकीर्द

पुढे त्या वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेत रुजू झाल्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रसिद्ध निळ्या खेकड्याला 'कॅलिनेक्टेस सॅपिडस' हे नाव त्यांनी १८९६ मध्ये दिले. १९१४ च्या अखेरीस त्यांनी वेतनाचे पद सोडले. त्या पैशातून वाल्डो श्मिट यांची नेमणूक व्हावी, हा त्यामागील हेतू होता. स्वतः मात्र त्या पूर्वीप्रमाणेच काम करीत राहिल्या. अमेरिकेतील खेकड्यांवरील त्यांचे चारही बृहद्ग्रंथ (१९१८, १९२५, १९३०, १९३७) या विनावेतन काळातील आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना १९१७ मध्ये डॉक्टरेट दिली.

जीवाश्मांवरील कार्य

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील जीवाश्मांवर १९२६ मध्ये आणि अटलांटिक व आखाती किनारी मैदानांतील जीवाश्मांवर १९३५ मध्ये त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. या क्षेत्रात अभ्यासकाच्या हाती पुष्कळदा केवळ सुटी नांगी येते. रिकाम्या शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. त्यांचे पोट मऊ असल्याने कुजून जाते, टणक नांग्या तेवढ्या खडकात टिकतात. अशा वेळी उजवी नांगी मोठी की डावी, तळव्याची लांबी-रुंदी, बोटांची ठेवण आणि पृष्ठभागावरील कणिका व काटे यांवरून ओळख पटवावी लागते. मात्र वय, लिंग व बाजू यांनुसार एकाच जातीच्या नांग्यांत फरक पडतो. तो फरक जातिभेद समजला गेल्यास एका प्राण्याला दोन नावे मिळण्याचा धोका असतो. त्यामुळे नवी जाती ठरविण्यापूर्वी विद्यमान प्राण्यांच्या अनेक नमुन्यांशी तुलना आवश्यक ठरते. संग्रहालयातील नमुने वर्षानुवर्षे हाताळल्याने रॅथबन यांच्याकडे नेमके हेच ज्ञान होते.

वारसा

रॅथबन यांचे वॉशिंग्टन येथे निधन झाले. कवचधारी प्राण्यांच्या पुढील संशोधनासाठी त्यांनी मृत्युपत्राद्वारे स्मिथसोनियन संस्थेला १०,००० डॉलर ठेवले.