६१७४ : देवळालीचे कापरेकर मास्तर आणि तुमच्या मोबाईलमधला एक लूप

आपण नेहमी नवीन टूल, नवीन लायब्ररी, नवीन एआय असिस्टंट यांच्याबद्दल बोलतो. आज जरा मागे जाऊया. कॉम्प्युटर सोडा, साधा कॅल्क्युलेटरही घरात नसायचा त्या काळात.

आधी मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा १९०५ घेतली. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा : ९५१०. मग उलटे मांडा : ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा. आलं ९३५१. आता याच्यावर परत तेच करा. ९३५१ वरून ८१७२, मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि शेवटी ६१७४. अजून एकदा करून बघा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! गाडी इथे येऊन थांबते. तुमच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे चार आकडे घ्या, जन्मसाल घ्या, मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे घ्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणारच.

हा आकडा ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. सांगोल्याच्या लोकांना देवळाली हे नाव किसान रेल्वेमुळे माहीत असेल. ऑगस्ट २०२० मध्ये देशातली पहिली किसान रेल देवळालीहून सुटली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शंभरावी आपल्या सांगोल्याहून. माझ्यासाठी मात्र देवळाली म्हणजे कापरेकरांचं गाव. मी वेब डेव्हलपर आहे. नवीन प्रोग्रॅमिंग भाषा किंवा कोडिंग टूल हातात आलं की मी पहिल्यांदा त्याला कापरेकरांचा एखादा प्रश्न घालतो. का, ते पुढे कळेलच.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. (म्हणजे वर घेतलेली १९०५ ही संख्या उगीच घेतली नव्हती. त्यांच्या जन्मसालाला ६१७४ पर्यंत पोचायला पूर्ण सात पायऱ्या लागतात!) आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवू, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड लागतेच, आणि ती गोडी पोराला घरातूनच लागली. माध्यमिक शाळा ठाण्याला झाली. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळालं. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या गणिती कामासाठी हे बक्षीस असे. १९२९ मध्ये बीएस्सी झाले. पुढचं शिक्षण नाही, पीएचडी नाही. लगेच देवळालीच्या शाळेत नोकरी लागली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले.

म्हणजे दिवसा शाळा, आणि उरलेल्या वेळात आकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर आयुष्यभराचा साइड प्रोजेक्ट.

डोंबिवली स्टेशन आणि जावास्क्रिप्टचा घोळ

तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेमलो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजची डोंबिवली. कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना तिथे सुचली, म्हणून त्यांनी नावच ठेवलं डेमलो संख्या. आज लाखो लोक रोज त्या स्टेशनावर लोकलमध्ये चढायची मारामारी करतात. त्याच स्टेशनाच्या नावाने गणितात संख्या आहेत हे त्यातल्या कितींना ठाऊक असेल, कोण जाणे.

यातल्या सगळ्यात देखण्या संख्यांवर त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘द मॅथमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. चढत जायचं आणि उतरायचं. नऊ वेळा एक लिहून वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१.

आता हेच क्रोमच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टला विचारा. उत्तराच्या शेवटी १ ऐवजी ० येतो! कारण जावास्क्रिप्टमधला साधा नंबर ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये साठवला जातो. २ चा ५३ वा घात, म्हणजे साधारण नऊ हजार लाख कोटी, एवढ्यापर्यंतच त्याला प्रत्येक पूर्णांक अचूक ठेवता येतो. त्याच्या वर गेलं की तो एक सोडून एक संख्याच ओळखतो, म्हणजे फक्त सम. आपली डेमलो संख्या विषम, त्यामुळे शेजारच्या सम संख्येत कोंबली जाते. बिगइंट वापरलं (आकड्यामागे एन अक्षर लावायचं) की शेवटचा १ परत येतो. पायथनमध्ये हा त्रास नाही, तिथे पूर्णांक हवा तेवढा मोठा चालतो. पैशांचे किंवा लांबलचक आयडीचे आकडे जावास्क्रिप्टमध्ये का सांभाळून हाताळायचे हे नवीन पोरांना समजावून सांगायला यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

१९४९, मद्रास

६१७४ चा गुणधर्म कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. नंतर त्यावरचा त्यांचा लेख न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथमॅटिका’त छापून आला. भारतात तेव्हा एकही डिजिटल कॉम्प्युटर नव्हता. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये पहिलं मशीन आलं ते १९५५ च्या सुमाराला, आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं टिफ्रॅक १९६० मध्ये सुरू झालं. त्यामुळे सगळं कागद-पेन्सिलीवर.

मग हे सगळ्या संख्यांसाठी खरं आहे हे कॉम्प्युटरशिवाय कसं तपासायचं? दहा हजार वजाबाक्या करायच्या का? नाही. इथे थोडं डोकं लावलं की काम एकदम हलकं होतं. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असे धरा. वजाबाकी केली की उत्तर येतं ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क). म्हणजे मूळ संख्या काहीही असो, उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९ मधला, आणि दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंतचा. मोजले तर एकूण ५४ जोड्या होतात. पहिल्याच पायरीनंतर दहा हजारांचा पसारा ५४ वर येतो! ५४ संख्या तर वहीच्या दोन पानांत तपासून होतात. कोड वेगाने पळवण्याआधी, मुळात किती काम करायचं आहे ते बघावं, असं सीनियर लोक सांगतात ते हेच.

आता टूल तपासायची गोष्ट. हा प्रोग्रॅम दिसायला पाच-सहा ओळींचा आहे : संख्येची स्ट्रिंग करा, सॉर्ट करा, उलटी करा, वजा करा, ६१७४ येईपर्यंत लूप. पण २१११ टाकून बघा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. इथे प्रोग्रॅमने ९९९ ला तीन अंकी धरलं तर पुढची वजाबाकी ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य, आणि खेळ खल्लास. बरोबर वाट अशी : ते ०९९९ आहे असं धरायचं, म्हणजे ९९९० वजा ०९९९ होतं ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. म्हणजे डावीकडे शून्य भरून चार अंक पूर्ण ठेवावेच लागतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी पॅडस्टार्ट आहे, पायथनमध्ये झेडफिल. दुसरी खोच ४४४४ सारख्या संख्यांची. तिथे पहिल्याच फटक्यात शून्य येतं आणि लूप कधीच थांबत नाही. एआयने लिहून दिलेला कोड बघताना मी आधी या दोन संख्या टाकतो. कोड चालला म्हणजे बरोबर आहे असं नसतं, आणि हे दाखवायला २१११ पुरते.

आता त्यांच्या बाकीच्या संख्या. कापरेकरांचा नाव ठेवण्यात हात कोणी धरू शकणार नाही. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. रामानुजनांची प्रसिद्ध १७२९ घ्या. १ अधिक ७ अधिक २ अधिक ९ म्हणजे १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. हर्षदच! ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ परत ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ परत २९७. या कापरेकर संख्या.

मला सगळ्यात आवडते ती स्वयंभू संख्या. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे १५ ने २१ ला जन्म दिला. १०१ ला तर दोन पालक आहेत, ९१ आणि १००. पण २० ला? कुठल्याच संख्येपासून २० तयार होत नाही. ती आपली आपण आलेली, देवळातल्या स्वयंभू मूर्तीसारखी. ३१, ४२, ५३ याही तशाच. इंग्रजीत यांना सेल्फ नंबर म्हणतात, आणि देवळाली नंबर असंही एक नाव आहे. दहा हजारांपर्यंतच्या स्वयंभू संख्या शोधायच्या तर प्रत्येक संख्येचा पालक हुडकत बसू नका. उलट करा. दहा हजार खणांची एक यादी घ्या, १ पासून सुरुवात करून प्रत्येक संख्येचं मूल काढा आणि त्या खणावर फुली मारा. ज्या खणांवर फुली नाही त्या स्वयंभू. एकाच लूपमध्ये काम फत्ते.

लोक हसायचे

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की या माणसाचं किती कौतुक झालं असेल. तसं झालं नाही. देशातल्या अनेक गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटायचं. ते हसायचे. मोठी नियतकालिकं दारात उभं करत नसत. मग कापरेकर स्वतःच पुस्तिका छापून घ्यायचे, आणि त्यावर प्रकाशक म्हणून लेखक स्वतः आणि पत्ता देवळालीचा.

खरं सांगायचं तर हसणाऱ्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. ६१७४ ची जादू आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे. मोजणीचा पाया बदलला, आठ किंवा सोळा केला, तर ही जादू तशीच राहत नाही. गणितज्ञांना संख्येत रस असतो, ती कागदावर कशी लिहिली त्यात नसतो. पण आम्ही प्रोग्रॅमर नेमके तिथेच राहतो. ओटीपी, पिनकोड, आधार नंबरातला शेवटचा तपासणी अंक, हे सगळं अंक कसे मांडले आहेत त्याच्याशीच खेळणं आहे. त्यामुळे हसणारे त्यांच्या जागी बरोबर असतीलही, पण मी कापरेकरांच्या बाजूने.

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ मध्ये पत्नी वारल्या. राहणी साधी असूनही पेन्शन पुरेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायला लागल्या. साठी ओलांडलेला माणूस, ज्याच्या नावाने संख्या आहेत, तो महिना भागवायला पोरांच्या शिकवण्या घेतोय. आकड्यांचं काम मात्र थांबलं नाही. लोक त्यांना गणितानंद म्हणत.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं. गार्डनर म्हणजे त्या काळचा गणिती कोड्यांचा सगळ्यात मोठा लेखक. जगभरचे गणितप्रेमी आणि प्रोग्रॅमर ते सदर वाचायचे. त्यानंतर कापरेकरांचं नाव देशोदेशी गेलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

आज कोडिंग प्लेसमेंटची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराच्या मोबाईलमध्ये त्यांचं काम आहे. लीटकोडवर हर्षद नंबरचा प्रश्न आहे, हॅकररँकवर मॉडिफाइड कापरेकर नंबर्सचा. दक्षिण कोरियात बेकजून नावाची प्रोग्रॅमिंग सरावाची प्रसिद्ध साइट होती. तिथल्या ४६७३ क्रमांकाच्या प्रश्नात दहा हजारांपर्यंतच्या सेल्फ नंबर शोधायच्या आणि प्रश्नात कापरेकरांचं नावही दिलेलं. कोरियन पोरं लूप आणि फंक्शन शिकताना तो सोडवायची.

तुम्हाला करून बघायचं असेल तर लॅपटॉप पाहिजेच असं नाही. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा किंवा पायड्रॉइड अ‍ॅप टाका, पायथन चालू होईल. तीन अंकी संख्या घेतली तर शेवट ४९५ वर होतो. दोन अंकी घेतली तर कुठेच थांबत नाही : ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, असं गोल गोल फिरत राहतं. पाच अंकीलाही थांबा नाही, नुसत्या फेऱ्या. सहा अंकी मात्र भलतीच. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि बाकीच्या सात संख्यांच्या फेरीत अडकतात. सांगोल्याचा पिनकोड ४१३३०७ टाकलात तर दहाव्या पायरीला ४२०८७६ येईल, मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. म्हणून लूप लिहिताना आधी येऊन गेलेल्या संख्या एका सेटमध्ये साठवत जा, आणि तीच संख्या परत दिसली की थांबा. नाहीतर फोन तापेल, बॅटरी उतरेल आणि सांगोल्याचा पिनकोड फिरतच राहील.