फ्रेडरिक जोन्स : धावत्या ट्रकला गारवा देणारा मेकॅनिक

नवी दिल्ली : दूध, मांस, फळे आणि लसी शेकडो किलोमीटरचा प्रवास करून सुस्थितीत पोहोचतात, यामागे जेमतेम सहावीपर्यंत शिकलेल्या एका कृष्णवर्णीय अमेरिकी मेकॅनिकची जिद्द आहे. त्यांचे नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स.

१८९३ मध्ये जन्मलेले जोन्स लहानपणीच पोरके झाले. सिनसिनाटीतील गॅरेजमध्ये त्यांनी मोटारदुरुस्तीचे धडे गिरवले. पुढे मिनेसोटातील हॅलॉक गावी यंत्रांची देखभाल करतानाच पुस्तकांतून विद्युत आणि यंत्रशास्त्र आत्मसात केले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये सैन्यसेवेत होते. परतल्यावर त्यांनी टाकाऊ भागांतून बोलपटांसाठी ध्वनियंत्रणा तयार केली. त्यामुळे मिनियापोलिसचे उद्योजक जोसेफ न्यूमेरो यांनी त्यांना आपल्याकडे घेतले.

तेव्हा ट्रकमधील नाशवंत माल बर्फाच्या भरवशावर जाई. बर्फ वितळला की मालाची नासाडी ठरलेली. ट्रकवर शीतयंत्र बसवण्याचे प्रयत्न रस्त्यावरच्या हादऱ्यांपुढे टिकत नसत. नळ्यांचे सांधे सैल होऊन वायूची गळती होई. १९३८ च्या सुमारास जोन्स यांनी स्वतंत्र इंजिनावर चालणारे, हादरे सोसणारे यंत्र घडवले. पहिले यंत्र ट्रकच्या तळाशी होते. तेथे चिखल आणि धूळ साचून ते बंद पडू लागले. जोन्स यांनी आराखडा बदलला, वजन घटवले आणि यंत्र ट्रकच्या दर्शनी बाजूला, उंचावर नेले. जागा बदलताच बिघाड कमी झाले आणि देखभालही सोपी झाली. दुरुस्ती करणाऱ्या हातांना जे कळते, ते येथे कामी आले.

न्यूमेरो यांच्यासह उभारलेली कंपनी पुढे थर्मो किंग या नावाने जगभर ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धात या यंत्रांनी सैन्यासाठी रक्त, औषधे आणि अन्न टिकवून ठेवले. जोन्स यांच्या नावावर साठहून अधिक पेटंट आहेत. १९४४ मध्ये अमेरिकेच्या शीतीकरण अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी ठरले.

२१ फेब्रुवारी १९६१ रोजी त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मात्र १९९१ मध्ये, मरणोत्तर मिळाले. नाशिकची द्राक्षे आज वातानुकूलित कंटेनरमधून परदेशी जातात, तेव्हा पदवी नसलेल्या त्या कारागिराचेच काम पुढे चाललेले असते.