डॉ. आनंदीबाई जोशी आणि ते दहा दिवस

आपल्या मालगुंडात केशवसुत जन्मले १८६६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणास यमुना जन्मली. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न होऊन ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. पण योग्य उपचारांअभावी तो दहाच दिवसांत गेला. असले दुःख बायका नशिबाचा भोग म्हणून गिळीत. आनंदीबाईंनी मात्र डॉक्टर व्हायचे ठरविले. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्री-विभागावर नेमणूकही झाली. परंतु क्षयाने गाठले व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे न होता, पुण्यास त्यांचे निधन झाले.

मला ते दहा दिवस विसरवत नाहीत. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाला पाहायला घरी येतात. दृष्ट लागेल म्हणून त्यांच्यापासून बाळ झाकू नये. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावे. चीक पिळून टाकू नये. सहा महिने मध, गुटी, पाणीसुद्धा नको. बाळ पीत नसेल, अंग गार पडले वा तापले, तर अंगारा लावीत न बसता इस्पितळ गाठावे. सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधाबरोबर नाचणीचे सत्त्व, मऊ वरणभात द्यावा. लसी वेळच्या वेळी टोचून घ्याव्यात.

आनंदीबाईंच्या बाळाला जी मदत मिळाली नाही, ती आज आपल्या दारी येते. तिला दार उघडावे, एवढेच माझे सांगणे.